एका वर्षासाठी तपासून योग्य

माझ्या धाकट्या दिरांना अख्खा बाजार ‘पासंग’ म्हणतो. रिकाम्या तराजूची एक बाजू जड निघाली, तर हलक्या बाजूला जो छोटासा तुकडा कायमचा अडकवून ठेवतात, तो पासंग. हे नाव त्यांना सासूबाईंनी दिलं. थोरला मुलगा, म्हणजे माझे यजमान, अंगापिंडाने भरलेले, धाकटा काडी. ‘हा थोरल्याच्या पासंगालाही पुरायचा नाही,’ असं त्या येताजाता म्हणायच्या. पुढे या काडीनेच वजनकाटे दुरुस्तीचं दुकान काढलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. दिरांना त्याचा राग नाही. त्यांना राग येतो तो फक्त चुकीच्या काट्याचा.

दुकान म्हणजे आठ पावलं लांब, चार पावलं रुंद खोली. टेबलावर नेहमी कोणाचा तरी काटा उघडा पडलेला असतो: बेकरीचा, खाटकाचा, पोस्टाचा, कधी दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा. मखमल लावलेल्या लाकडी पेटीत पितळी वजनं आहेत, ज्यांच्यावरून बाकीचे काटे लावतात. त्यांना दीर स्वतःसुद्धा बोट लावत नाहीत, फडक्याने उचलतात. बोटाच्या घामानेही वजन वाढतं म्हणे. काटा दुरुस्त झाला की सरकारी तपासनीस येतो, वजनं ठेवून बघतो, तारेला शिशाचं सील ठोकतो आणि कागद देतो: ‘एका वर्षासाठी तपासून योग्य’. मग वर्षभर त्या काट्याला पाना लावायचा नाही. सील तोडलं तर दंड. या एका नियमावर दिरांनी तीस वर्षं पोट भरलं, आणि याच नियमापायी ते जिवानिशी जाता जाता वाचले.

मी रक्त काढते. दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, एका अरुंद जिन्यावर आमची लॅब आहे. तिथे मला चोवीस वर्षं झाली. माझं तोंड फटकळ आहे, हात हलका आहे. लोक हातासाठी येतात आणि तोंड सहन करतात.

अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. वय सेहेचाळीस. सकाळी दाढी करताना म्हणाले, छातीत जळजळतंय, रात्रीचं जेवण जड झालं बहुतेक. मी म्हटलं, थंड दूध घ्या, आणि पर्स उचलून कामावर गेले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. सासरे माझ्या लग्नाआधी असेच गेले होते, पन्नासाव्या वर्षी, आणि घरात त्याला ‘गॅस’ म्हणायचे. यजमानांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर डाग होते. मी थट्टेने त्याला सोन्याचा मुलामा म्हणायचे. रक्तात कोलेस्टेरॉल फार झालं की ते असं पापणीवरही साठतं, हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं. रोज वीस-पंचवीस जणांचं कोलेस्टेरॉल मोजणारी बाई मी. नवऱ्याचं एकदाही मोजलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात होता.

दिरांना मूलबाळ नाही. माझी एकुलती एक मुलगी ही त्यांची आणि माझ्या जावेचीही. जन्मली तेव्हा दोन किलोसुद्धा भरली नव्हती. दिरांनी आधी दवाखान्याच्या काट्यावर संशय घेतला, तो खरा निघाल्यावर तिला ‘गुंज’ म्हणायला लागले. जुन्या सोनारांचं सगळ्यात चिमुकलं वजन ते. गुंज आता पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवते आणि बांध्याने काकावर गेली आहे. यजमान गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या शाळेच्या सभांपासून सायकलच्या पंक्चरपर्यंत सगळं काकांनी केलं.

आमच्या लॅबमधला वजनकाटा दर वर्षी दीरच बघतात. दोन वर्षांपूर्वी आले, चष्मा कपाळावर चढवला, काट्यात डोकं घातलं, आणि खिडकीच्या उजेडात मला त्यांच्या पापण्या दिसल्या. मसुराच्या दाण्याएवढा पिवळा डाग. दोन्हीकडे.

“भाऊजी, बाही वर करा.”

“कशाला?”

“रक्त घ्यायचंय.”

“वहिनी, माझ्याकडे बघा तरी एकदा. कोलेस्टेरॉल काय माझ्या बरगड्यांत ठेवू? ते जाड माणसांचं दुखणं.”

“दादा होते जाड. बाबा होते का?”

घरी भिंतीवरच्या फोटोतले सासरे दिरांची हुबेहूब प्रत आहेत. त्यांनी मुकाट्याने बाही वर केली.

वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल शंभराच्या आत असलेलं बरं. एकशे नव्वदच्या पुढे गेलं की डॉक्टर घराण्याची चौकशी करतात. दिरांचं आलं दोनशे एकतीस. वय एकोणपन्नास.

मी त्यांना ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई शांत, मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, “हे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून बसतं. थरावर थर, वर्षानुवर्षं. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि रस्ता बंद.”

“पण मी खातो तरी किती?” दिरांची तक्रार.

“खाण्यातून येतं ते थोडं. बरंचसं तुमचं यकृतच बनवतं. इतरांचं यकृत रक्तातलं जास्तीचं परत ओढून घेतं, तुमचं ओढत नाही. हे वडिलांकडून आलेलं दिसतंय. पथ्य करा, चाला, पण नुसत्या पथ्याने भागणार नाही. गोळी रोज.” मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “असं घराण्यात असलं की मुलांत उतरायची शक्यता निम्मी असते. रक्ताच्या नात्यातलं आणखी कोण आहे?”

“सांगते,” मी म्हटलं आणि चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. सांगितलं मात्र नाही.

दिरांनी पथ्य केलं, आणि खोटं कशाला बोलू, मन लावून केलं. काटा दुरुस्त केला की बेकरीवाला लोण्याची बिस्किटं पुढे करायचा, खाटीक चरबीचा तुकडा कागदात बांधून द्यायचा. दोघांनाही त्यांनी हात जोडले. चहातली साय गेली, तळण गेलं, जावेने डाळी आणि भाज्या वाढवल्या. संध्याकाळी दुकान बंद करून दीर नदीकाठाने पाऊण तास चालायला लागले. सिगारेट कधी नव्हतीच. तीन महिन्यांनी मी पुन्हा रक्त घेतलं. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “छान. गोळी चालू ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू.”

दीर तो कागद नाचवतच दुकानात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी सहज डोकावले, तर रिपोर्ट काचेच्या चौकटीत बसवून तपासनिसाच्या कागदाशेजारी टांगलेला. बेकरीवाल्याला ते दाखवत होते, “बघा, अठ्ठ्याण्णव! कंपनीतून आलेला काटासुद्धा इतका नेमका नसतो.” मला हसू आलं, बरंही वाटलं. निदान एक तरी माणूस वाचला, असं मनात म्हणत मी जिना चढले.

सहा महिने झाले. मी आठवण केली. म्हणाले, वेळ नाही. पुन्हा आठवण केली. म्हणाले, तुमच्या काट्याचं वर्ष भरलं की येतोच आहे, तेव्हा एकदमच घ्या. मला वाटलं, कामात असतील. जावेला विचारलं, गोळी घेतात ना? ती म्हणाली, दुकानात ठेवतात, दुपारच्या डब्यानंतर घेतात. ठीक आहे, म्हटलं.

वर्ष भरलं. दीर आले, काटा लावला, हात पुसले आणि हसतहसत स्वतःच बाही वर केली. मी रक्त घेतलं, यंत्रात लावलं. चहा होईपर्यंत आकडा आला. दोनशे बारा.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो चष्म्यातून पाहिला, चष्मा काढून पाहिला.

“यंत्र चुकतंय तुमचं.”

“यंत्र चुकत नाही.”

“वहिनी, प्रत्येक यंत्र चुकतं. त्यावरच माझं घर चालतं. शेवटचं कधी लावलं होतं?”

मी कमरेवर हात ठेवले. “रोज सकाळी लावते. कंपनीकडून एक बाटली येते, तिच्यातला आकडा आधीच ठरलेला असतो. तुमच्या पेटीतली पितळी वजनं असतात ना, तशी. ती आधी लावायची, आकडा बरोबर आला तरच पेशंटची नळी लावायची.”

“माझ्यासमोर लावा.”

तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी फ्रिजमधून बाटली काढली. बाटलीवर छापलेलं होतं एकशे सोळा. ते दोन्ही हात पाठीमागे बांधून यंत्रासमोर उभे राहिले, दुसऱ्याच्या वजनाला हात लावायचा नसतो म्हणून. पडद्यावर आकडा आला एकशे पंधरा.

“एकाचा फरक आहे,” ते म्हणाले.

“तेवढा चालतो. तुमच्यात चालत नाही?”

“चालतो.”

“मग आता तुमचीच नळी परत लावते.”

दोनशे तेरा. दीर पेशंटांच्या स्टुलावर बसले. यंत्र खरं आहे हे एकदा पटल्यावर वाद घालणं त्यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, “मी गोळी बंद केली.”

“कधी?”

“तो अठ्ठ्याण्णवचा रिपोर्ट आला, त्याच आठवड्यात.”

नऊ महिने. नऊ महिने हा माणूस रिपोर्टाची चौकट पुसत होता.

“का पण?”

“काटा बरोबर आला ना, वहिनी. बरोबर आलेल्या काट्याला परत पाना लावत नाहीत. लावला तर बिघडतो. सील करून वर्षभर तसाच ठेवतात.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “म्हणूनच सहा महिन्यांनी आलो नाही. सील तोडल्यासारखं वाटलं. बाकी पथ्य एक दिवस मोडलं नाही, शपथ. बिस्किट नाही, साय नाही. पावसातसुद्धा छत्री घेऊन चाललो.”

“आणि जाऊबाईंना सांगितलंत, दुपारी घेतो म्हणून?”

“तिला उगाच काळजी.”

मग मात्र माझं तोंड सुटलं. मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अतिशहाणा म्हटलं, बायकोशी खोटं बोलणारा म्हटलं, तीस वर्षं लोखंडाशी बोलून डोकं लोखंडाचं झालंय म्हटलं. “ती गोळी म्हणजे पाना नव्हे!” मी ओरडले. “तुमचं यकृत आजही तेच करतंय, उद्याही करणार आहे. गोळीने ते सुधारत नाही, गोळी त्याला नुसतं धरून ठेवते. सोडली की आकडा परत जागच्या जागी. दादा सेहेचाळीसचे होते. तुम्ही पन्नासचे आहात, बाबा गेले ते वय! मला या घरातून तिसरं माणूस उचलून न्यायचं नाहीये, भाऊजी.”

बाहेर बाकावर दोन पेशंट बसले होते. त्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं.

दिरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “म्हणजे पासंग आहे ती.”

“काय?”

“गोळी. दांडीच मुळात वाकडी असली की पासंग लावतात. मग पारडी सारखी होतात. आता सारखी झाली म्हणून कोणी पासंग काढून घेतं का? काढला की दांडी परत कलंडणारच. तो कायमचा असतो.” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “आयुष्यभर लोक मला पासंग म्हणत आले, आणि मलाच कळू नये.”

मला रडू यायच्या बेतात हसू आलं. मिटलं सगळं, गाडं रुळावर आलं, असं वाटून मी रिकाम्या नळ्या गोळा करायला लागले. तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, दादाचा आकडा किती होता?”

दहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. टोमणा नव्हता त्यात. काट्याची मागची नोंद विचारतात तसं त्यांनी विचारलं होतं.

“काढलाच नव्हता,” मी म्हटलं.

ते मान हलवून राहिले. आणि मग म्हणाले, “आणि गुंजचा?”

डॉक्टरबाईंनी विचारलेलं मला रोज आठवत होतं. विसरले असते तर निदान विसरले म्हणता आलं असतं. मी मुद्दाम काढला नव्हता. बावीस वर्षांची, दिवसभर पाण्यात माशासारखी पोहणारी पोर. तिच्या नावाच्या नळीत काय निघेल याची मला भीती वाटत होती. आकडा काढला नाही तर तो नसतो, असं काहीतरी मनाने धरलं होतं. दुसऱ्यांना शिकवायला मी पुढे आणि आपल्या घरात कोरडा पाषाण. नऊ महिने दीर चुकले म्हणून मी अख्खी लॅब डोक्यावर घेतली, आणि मी स्वतः वर्षभर चुकत होते.

“नाही काढला,” मी म्हटलं. “मला भीती वाटते, भाऊजी.”

त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. हक्क होता त्यांचा. ते फक्त उठले, बाही नीट केली आणि म्हणाले, “उद्या सकाळी घेऊन येतो तिला. बाटली फ्रिजमधून काढून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी गुंज ओल्या केसांनी, तलावावरून सरळ आली. काका मागे उभे. “एवढं काय तोंड पाडून बसलीस, आई? रक्तच घ्यायचंय ना?” म्हणत तिने हात पुढे केला. मी चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं. पहिल्यांदा सुई टोचताना शीर हुकली. चोवीस वर्षांत माझी अशी शीर हुकलेली मला आठवत नाही. गुंजने काकांकडे बघून डोळे फिरवले आणि दुसरा हात पुढे केला.

आधी बाटली लावली. एकशे सोळाला एकशे सोळा. दीर म्हणाले, “यंत्र खरं आहे.” मग गुंजची नळी लावली, आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत राहिलो.

एकशे अठ्ठ्याण्णव.

मला तेव्हा काय झालं ते मी सरळच सांगते: मी टेबल धरून खाली बसले आणि रडले. दिरांनी कागद घडी करून खिशात घातला, पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. “वहिनी,” ते म्हणाले, “दादाला हा कागद मिळाला नव्हता. हिला बावीसाव्या वर्षी मिळाला.”

डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं, जरा लांबवून. इतक्या लवकर कळलं तर भिंतीत थर साठूच द्यायचे नाहीत. ही पोर म्हातारी होईल. लग्नाचं, बाळाचं मनात आलं तर आधी त्यांना सांगायचं, कारण तेव्हा गोळी थांबवावी लागते. बाकी रोज. गुंजने सगळं नीट ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, “काका, तू खरंच ते चौकटीत लावलं होतंस?” ती चौकट त्याच दिवशी खाली उतरली. तिच्या जागी आता जुन्या तराजूचा एक खरा पासंग खिळ्याला टांगलेला आहे. त्याच खिळ्याला गोळ्यांची पाकीटं अडकवलेली असतात, काकांचं आणि पुतणीचं. तलावावरून घरी जाताना ती दुकानात थांबते. दोघं पाणी पिऊन गोळ्या घेतात, मग ती जाते. दीर तीन महिन्यांनी रक्त द्यायला आपणहून आले, नंतर सहा महिन्यांनी. सील वगैरे शब्द पुन्हा निघाला नाही.

गेल्या महिन्यात दिरांना एक्कावन्न वर्षं पूर्ण झाली. सासऱ्यांच्या पुढे गेले, यजमानांच्या तर कधीच. त्या आठवड्यात ते लॅबचा जिना चढून आले, कठड्याला धरत, तोंड वाकडं करत.

“वहिनी, दुखतंय.”

मी हातातलं टाकून उठले. “कुठे? छातीत? पोटऱ्या दुखतायत का? गोळीने कधी कधी दुखतात.”

“छातीत नाही, पोटऱ्या नाहीत. गुडघा. जिना चढताना कुरकुर करतो. डॉक्टरबाईंकडेच जाऊन आलो आत्ता.”

“काय म्हणाल्या?”

“म्हातारपण सुरू झालं म्हणाल्या.” ते भयंकर चिडले होते. “आमच्या घरात आजवर कोणाचा गुडघा दुखला नाही!”

आमच्या घरात आजवर कोणा पुरुषाचा गुडघा दुखायच्या वयाला पोचलाच नव्हता. मी त्यांना स्टूल दिलं, चहा टाकला, बिनसायीचा.

“दुखू दे, भाऊजी,” मी म्हटलं. “चांगला दुखू दे.”